मरियानगरचे संस्थापक व शिपाई : पॉल द मेझोनव्ह

प्रवासांत रस्त्याच्या कडेला एखादा कोरीव दगड दृष्टीस पडला म्हणजे वाटसरू क्षणभर थबकतो, त्यावरील दोन ओळी वाचतो आणि आपल्या वाटेनें चालूं लागतो. ज्याच्या स्मरणार्थ तो दगड उभारलेला असतो त्याचें साठ-सत्तर वर्षांचें आयुष्य दोन ओळींत मावणें शक्य नसतें. म्हणून दगड बसविणारांना त्या आयुष्यांतील एकच कृत्य निवडावें लागतें, आणि पुढच्या पिढ्या त्या एका कृत्यावरूनच त्या मनुष्याला ओळखूं लागतात. ही निवड मोठी जोखमीची आहे. महोत्सवाच्या निमित्तानें देवळाच्या वाटेवर एक स्मारकशिला बसवावी असें ठरल्यापासून, तिच्यावर कोणाचीं नांवें व कोणतीं कृत्यें कोरावीं याविषयीं पुष्कळ चर्चा आमच्या कानीं आली आहे, आणि मंडळींत थोडी कुरबुरही झाली आहे. त्या चर्चेंत आपलें मत घालण्यापूर्वीं एका दूरदेशच्या कॅथॉलिक शिपायाचें चरित्र आम्ही धर्मबंधु-भगिनींपुढें ठेवीत आहों. तें वाचून झाल्यावर आपल्या शिलेचा विचार करणें सोपें जाईल असें आम्हांस वाटतें.

कॅनडा देशांत सेंट लॉरेन्स नदीच्या एका मोठ्या बेटावर माँट्रियल नांवाचें विशाल नगर आहे. त्याच्या जुन्या भागांत, नोत्र दाम देवळासमोर, प्लास दार्म या नांवाचा चौक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या चौकालगतच्या एका इमारतीच्या भिंतीवर, रस्त्यानें जाणाऱ्यास दिसेल असा एक शिलालेख बसविण्यांत आला. नगराच्या संस्थापकांची इरोक्वा लोकांशीं पहिली चकमक या चौकाजवळ झाली, तींत संस्थापकांनीं त्यांचा पराभव केला, आणि पॉल द शोमदे द मेझोनव्ह यांनीं त्यांच्या नायकाला स्वहस्तें ठार मारलें, अशा अर्थाचा मजकूर त्यावर होता. खालीं ३० मार्च १६४४ ही तारीख होती. हा लेख वाचणाऱ्याचा असा समज होणें स्वाभाविक आहे कीं, मेझोनव्ह हे केवळ तरवारबहाद्दर असून शत्रूचा संहार हेंच त्यांच्या आयुष्याचें मुख्य कार्य होतें. तो समज कितपत खरा आहे हें त्यांच्या चरित्रावरूनच पाहूं.

मेझोनव्ह यांचा जन्म फ्रान्स देशाच्या शांपान्य प्रांतांत, नव्हील-स्युर-व्हान या खेड्यांत झाला. १५ फेब्रुवारी १६१२ रोजीं त्यांना बाप्तिस्मा देण्यांत आला. घराणें लहानशा जहागीरदाराचें होतें, आणि अशा घरांतील मुलांनीं शिपाईपेशा पत्करावा अशीच तेव्हांची रीत होती. तेराव्या वर्षीं ते हॉलंडमधील युद्धांत लढावयास गेले. त्या काळच्या छावण्यांत जुगार, मद्यपान व शिवीगाळ यांचा सुकाळ असे. तरुण मेझोनव्ह या सर्वांपासून दूर राहिले. फावल्या वेळीं वाईट सोबत नको म्हणून ते ल्यूट नांवाचें तंतुवाद्य वाजवावयास शिकले, असें माँट्रियलचे पहिले इतिहासकार दोलिए द कासों यांनीं नमूद केलें आहे. हे दोलिए स्वतः आधीं शिपाई होते व मग धर्मगुरु झाले, त्यामुळें छावणीच्या मोहांची त्यांना चांगली माहिती होती. मेझोनव्ह यांची एक बहीण लुईज ही त्रॉय नगरांतील मठांत धर्मभगिनी होती. या बहिणीमुळें पुढें माँट्रियलला एक संत लाभावयाची होती, तें यथाक्रम येईलच.

त्याच सुमारास ला फ्लेश या गांवीं झेरोम द ला दोव्हर्सिएर नांवाचे एक सरकारी करवसुली अधिकारी रहात असत. ते प्रापंचिक गृहस्थ होते. दूरदेशीं कधीं गेलेले नव्हते. तरी माँट्रियलच्या बेटावर एक ख्रिस्ती वसाहत स्थापन व्हावी, तेथें रुग्णालय असावें, मुलांना शिक्षण मिळावें व तद्देशीय लोकांना शुभवर्तमान सांगितलें जावें, अशी त्यांना तळमळ लागून राहिली होती. फादर झां-झाक ओलिए व इतर कांहीं भाविक त्यांना मिळाले, आणि माँट्रियलच्या नोत्र दाम मंडळाची स्थापना झाली. या मंडळाला व्यापारांतून नफा नको होता. त्याचे सभासद आपल्या खिशांतून पैसा घालीत असत. उणीव होती ती एका सेनापतीची. मेझोनव्ह यांच्या हातीं कॅनडांतील येशूसंघीय मिशनऱ्यांचा एक वृत्तांत आला, तो वाचून ते त्या संघाचे फादर शार्ल लालमां यांस भेटले, आणि फादर लालमां यांनीं त्यांची दोव्हर्सिएर यांच्याशीं गांठ घालून दिली. आपली तरवार व आपली मिळकत या कार्यास देण्यास तयार असलेला एकोणतीस वर्षांचा अविवाहित शिपाई मंडळाला अशा रीतीनें मिळाला.

९ मे १६४१ रोजीं ला रोशेल बंदरांतून जहाजें निघालीं. एका जहाजावर मेझोनव्ह होते, आणि दुसऱ्यावर झान माँस नांवाची एक कुमारिका होती. तिनें पुढें वसाहतीचें रुग्णालय काढलें व चालविलें. वादळामुळें मेझोनव्ह यांचें जहाज मागें पडलें, आणि क्वेबेक येथें पोंचेपर्यंत ऑगस्ट महिन्याचा उत्तरार्ध आला. हिंवाळा तोंडावर होता, म्हणून ते वर्ष तेथेंच काढावें लागलें. क्वेबेकचे गव्हर्नर मोंमान्यी यांनीं त्यांना सांगून पाहिलें कीं, माँट्रियल हें बेट इरोक्वांच्या वाटेवर पडतें, तेथें जाणें म्हणजे मृत्यूच्या तोंडीं जाणें होय. त्यापेक्षां क्वेबेकजवळच्या ओर्लेआं बेटावर रहावें. मेझोनव्ह यांनीं नम्रपणें पण ठामपणें कळविलें कीं, आपण सल्लामसलत करावयास आलों नसून आज्ञा पाळावयास आलों आहों, आणि त्या बेटावरील एकूणएक झाडाचा इरोक्वा झाला तरी तेथें जाणें हें आपलें कर्तव्य आहे.

१७ मे १६४२ रोजीं होड्या माँट्रियलच्या किनाऱ्याला लागल्या. मंडळी सारी मिळून पन्नासाच्या आंत-बाहेर होती. जमिनीवर पाऊल ठेवतांच मेझोनव्ह यांनीं गुडघे टेकले, आणि सर्वांनीं स्तोत्रें म्हणून देवाचे आभार मानले. वेदी उभारून झान माँस व मादाम द ला पेलत्री यांनीं ती रानफुलांनीं सजविली, आणि येशूसंघाचे फादर व्हिमों यांनीं पवित्र मिस्सा अर्पण केला. आपल्या प्रवचनांत त्यांनीं या मूठभर मंडळींना मोहरीच्या दाण्याची उपमा दिली. वेदीपुढें लावावयास दिवा नव्हता, म्हणून काजवे पकडून ते कांचेच्या भांड्यांत ठेवले व त्यांच्या उजेडांत पवित्र साक्रामेंताची आराधना झाली, अशी परंपरागत आख्यायिका आहे. वसाहतीला व्हील-मारी, म्हणजे मरियानगर, असें नांव देण्यांत आलें.

येथें एक गोष्ट प्रांजळपणें सांगितली पाहिजे. तें बेट निर्जन दिसलें तरी बेवारशी नव्हतें. झाक कार्त्येर हा फ्रेंच दर्यावर्दी १५३५ मध्यें तेथें आला तेव्हां डोंगराच्या पायथ्याशीं होशलागा नांवाचें मोठें तद्देशीय गांव होतें. पुढें तें गांव नाहींसें झालें. परंतु नदीचे मार्ग निरनिराळ्या तद्देशीय जमातींच्या वहिवाटीचे होते. इरोक्वा म्हणजे पांच राष्ट्रांचा एक सुसंघटित संघ होता. ते स्वतःला होदेनोशोनी म्हणवितात. युरोपियन लोकांबरोबर आलेल्या रोगांच्या सांथींनीं त्या काळीं त्यांच्या गांवांत हाहाकार केला होता, आणि कातड्यांच्या व्यापारासाठीं जमाती-जमातींत वैरें पेटलीं होतीं. फ्रेंच लोक त्यांच्या शत्रूंचे मित्र होते. तेव्हां मरियानगरच्या मंडळींचा हेतु कितीही शुद्ध असला तरी इरोक्वांच्या दृष्टीनें ती शत्रूची नवी चौकीच होती. त्यांनीं केलेला प्रतिकार हा केवळ क्रौर्य होता असें म्हणणें आम्हांस न्याय्य वाटत नाहीं.

पहिल्या वर्षीं मात्र संकट माणसांकडून न येतां नदीकडून आलें. १६४२ च्या डिसेंबरांत, ऐन नाताळच्या दिवसांत, सेंट लॉरेन्सला पूर आला. पाणी चढत चढत किल्ल्याच्या कुंपणापर्यंत येऊन ठेपलें. दारूगोळा व धान्य बुडालें असतें तर वसाहत हिंवाळ्यांतच संपली असती. मेझोनव्ह यांनीं पाण्याच्या कांठीं एक क्रूस रोंविला आणि नवस केला कीं, पाणी ओसरलें तर आपण स्वतःच्या खांद्यावर क्रूस घेऊन डोंगर चढूं व तो माथ्यावर उभा करूं. पाणी दारापर्यंत येऊन थांबलें व मग ओसरूं लागलें. मंडळी लागलीच कामाला लागली. कोणी झाडें तोडून वाट केली, कोणी लांकूड तासलें. ६ जानेवारी १६४३ रोजीं, तीन राजांच्या सणाच्या दिवशीं, सेनापतीनें तो जड लांकडी क्रूस खांद्यावर घेतला, आणि बर्फांतून, खडकाळ चढणीनें, तो डोंगराच्या माथ्यावर नेला. तेथें मिस्सा झाला, आणि पुढें कित्येक दिवस मंडळी त्या क्रूसाच्या दर्शनाला जात असत.

हा प्रसंग आपल्या लोकांना परका वाटणार नाहीं. मुंबई बेटांत व साष्टींत गल्लीच्या तोंडाशीं, शेताच्या बांधाशीं जे क्रूस उभे आहेत, त्यांतील कित्येक १८९६ नंतरच्या प्लेगच्या दिवसांत आपल्या वाडवडिलांनीं नवस बोलून उभारलेले आहेत. संकटांत बोललेला नवस संकट टळल्यावर फेडणें ही श्रद्धेची कसोटी असते; माँट्रियलच्या सेनापतीनें ती खांद्यावर ओझें घेऊन पार पाडली.

१६४३ च्या जून महिन्यांत इरोक्वांनीं किल्ल्याबाहेर काम करणाऱ्या सहा माणसांवर छापा घालून तिघांना ठार केलें व तिघांना धरून नेलें. तेव्हांपासून शेतांत जावयाचें तें बंदूक घेऊन, आणि घंटा वाजली म्हणजे परतावयाचें, असा क्रम सुरू झाला. किल्ल्यांत पिलोत नांवाची एक कुत्री होती. ती रोज आपल्या पिलांसह रान हुंगीत फिरे आणि शत्रूचा वास लागला कीं भुंकत परत येई. १६४४ च्या मार्च महिन्यांत तिचें भुंकणें वाढलें. बाहेर पडून लढूं या, असा तरुण शिपाई आग्रह करूं लागले. मेझोनव्ह यांनीं परवानगी दिली नाहीं. माणसें थोडीं, रानांतील युद्धाची संवय नाहीं, आणि एक पराभव झाला तर बायकामुलांसह सारें संपेल, हें त्यांना दिसत होतें. पण शिपायांत कुजबुज सुरू झाली कीं सेनापति भित्रा आहे. ज्याच्या शब्दावर माणसांनीं जीव द्यावयाचा त्याच्यावर त्यांचा भरंवसा उरला नाहीं तर किल्ला टिकत नाहीं. म्हणून ३० मार्चला कुत्री भुंकली तेव्हां तीसेक माणसें घेऊन ते बाहेर पडले.

पुढें काय झालें तें दोलिए यांनीं लिहून ठेवलें आहे, आणि तें शिलालेखांतील मजकुराशीं जुळत नाहीं. इरोक्वा संख्येनें कित्येक पटींनीं अधिक होते. फ्रेंच झाडांच्या आडून लढले, कांहीं पडले, दारूगोळा संपत आला. तेव्हां सेनापतीनें माघार घेण्याचा हुकूम दिला. रुग्णालयाच्या बांधकामासाठीं लांकूड ओढून आणण्याची एक घसरवाट बर्फांत तयार झालेली होती; तिच्यावर पाय रुतत नसत. त्या वाटेला लागतांच शिपायांनीं धूम ठोकली, आणि ज्याला ते भित्रा म्हणत होते तो एकटा मागें राहिला. दोन्हीं हातांत पिस्तुलें घेऊन, मागें पहात पहात, ते हळूहळू हटत होते. इरोक्वांनीं त्यांना जिवंत पकडण्याचा मान आपल्या नायकाला दिला. नायक अंगावर येतांच मेझोनव्ह यांनीं पिस्तूल झाडलें, तें उडालें नाहीं. नायकानें गळ्याला हात घातला, तोंच दुसरें पिस्तूल उडालें व तो पडला. त्याचे लोक त्याचें प्रेत शत्रूच्या हातीं पडूं नये म्हणून तें उचलून नेण्यांत गुंतले, आणि तेवढ्या अवकाशांत मेझोनव्ह किल्ल्यांत पोंचले.

ही विजयाची लढाई नव्हती. ती माघार होती. तींत मेझोनव्ह यांचा खरा पराक्रम हा कीं, आपलीं माणसें सुखरूप जाईपर्यंत ते सर्वांच्या मागें राहिले. मनुष्यवध त्यांच्या हातून घडला तो प्राणसंकटांत घडला. आणि मेलेल्या नायकाचा देह मागें टाकून न जाणारे ते इरोक्वा हेही आपापल्या परीनें निष्ठावंतच होते. शिलालेखांत यांतील कशासही जागा मिळाली नाहीं.

यानंतर सेनापतीच्या धैर्याविषयीं कोणी शंका घेतली नाहीं. पण त्यांना स्वतःला मोठेपणाची हांव नव्हती. फ्रान्सला गेले असतां साऱ्या नव्या फ्रान्सचें गव्हर्नरपद त्यांना देऊं करण्यांत आलें, तें त्यांनीं नाकारलें, आणि तें पद द आयबू यांस मिळालें. मेझोनव्ह आपल्या लांकडी किल्ल्याकडे परत आले. त्यांची राहणी अगदीं साधी असे. त्यांनीं लग्न केलें नाहीं. पुढें ब्रह्मचर्याचें व्रतही घेतलें.

१६५१ हें वर्ष फार वाईट आलें. छाप्यांमुळें माणसें इतकीं घटलीं कीं वसाहत मोडावी लागते अशी वेळ आली. तेव्हां झान माँस हिनें एक धाडसाचा विचार मांडला. फ्रान्समधील एका श्रीमंत विधवेनें रुग्णालयासाठीं २२,००० लिव्र इतकी रक्कम दिली होती, आणि आपलें नांव कोणास सांगूं नये अशी अट घातली होती. ही रक्कम माणसें आणण्याकडे लावावी, कारण माणसेंच उरलीं नाहींत तर रुग्णालय कोणासाठीं, असें झानचें म्हणणें होतें. मेझोनव्ह फ्रान्सला गेले. निदान शंभर माणसें मिळालीं नाहींत तर आपण परतणार नाहीं व सर्वांनीं मायदेशीं निघून यावें, असें ते सांगून गेले. दोन वर्षें मरियानगर त्यांची वाट पहात राहिलें.

गांवोगांव फिरून त्यांनीं दीडशेंहून अधिक माणसांशीं करार केले. त्यांत सुतार, गवंडी, शेतकरी, लोहार असे कष्टाळू लोक होते. निघण्याच्या वेळेपर्यंत बरेचजण गळाले व सुमारें शंभर उरले. त्यांचें पहिलें जहाज इतकें कुजकें होतें कीं अर्ध्या वाटेवरून परत फिरावें लागलें. दुसऱ्यांदा निघाल्यावर रोगानें आठ जण समुद्रावरच वारले. १६ नोव्हेंबर १६५३ रोजीं उरलेली मंडळी मरियानगरला पोंचली. त्या दिवसापासून वसाहतीचें जगणें निश्चित झालें. माँट्रियलचा दुसरा जन्म तो हाच, असें इतिहासकार मानतात.

त्याच जहाजावर मार्गरीत बुर्ज्वा नांवाची एक स्त्री होती. त्रॉयच्या मठांतील लुईजच्या ओळखीनें ती मेझोनव्ह यांच्या कार्यांत आली. जहाजावरील आजाऱ्यांची शुश्रूषा तिनें केली, आणि डोंगरावरचा मोडलेला क्रूस पुन्हां उभारण्याच्या कामींही तिनेंच पुढाकार घेतला. ३० एप्रिल १६५८ रोजीं तिनें वसाहतीची पहिली शाळा भरविली. जागा म्हणून मेझोनव्ह यांनीं तिला एक दगडी गोठा दिला होता. तो झाडून, सारवून वरच्या माळ्यावर ती निजत असे व खालीं मुलांना शिकवीत असे. तिनेंच पुढें नोत्र दामच्या धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. ३१ ऑक्टोबर १९८२ रोजीं पवित्र ख्रिस्तसभेनें तिला संतपद दिलें, आणि झान माँस हिला २०१४ मध्यें वंदनीय म्हणून घोषित करण्यांत आलें.

मेझोनव्ह यांचें काम अजून संपलें नव्हतें. १६५७ मध्यें त्यांनीं सुल्पिस संघाचे धर्मगुरु आणून वसाहतीच्या आत्मिक व्यवस्थेची सोय लाविली. १६६२ च्या फेब्रुवारींत त्यांचे विश्वासू सहकारी लांबेर क्लोस लढाईंत पडले. पुढच्या वर्षींच्या जानेवारींत त्यांनीं रहिवाशांचीच एक सेना उभारली, आणि तिला पवित्र कुटुंबाचें नांव दिलें. तिच्यांत सात-सात जणांच्या वीस तुकड्या होत्या, आणि प्रत्येक तुकडीनें आपला नायक आपल्याच मतानें निवडावयाचा होता. सुतार, शेतकरी हे आळीपाळीनें पहारा देत.

१६६३ मध्यें कॅनडाचा कारभार राजानें प्रत्यक्ष आपल्या हातीं घेतला. नवे अधिकारी आले. त्यांना जुन्या मंडळाचा हा स्वतंत्र वृत्तीचा सेनापति अडचणीचा वाटूं लागला. १६६५ मध्यें राजाचे प्रतिनिधि मार्की द त्रासी यांनीं त्यांना अनिश्चित काळाच्या रजेवर फ्रान्सला जाण्याचा हुकूम दिला. शब्द रजेचा होता, अर्थ बडतर्फीचा होता. तेवीस वर्षांपूर्वीं जेथें गुडघे टेकले होते त्या किनाऱ्यावरून ते शरद् ऋतूंत निघाले. त्यांच्या एका शब्दावर उठणारे लोक वसाहतींत पुष्कळ होते. तो शब्द त्यांनीं उच्चारला नाहीं. आम्हांस वाटतें, त्यांच्या साऱ्या आयुष्यांतील सर्वांत अवघड लढाई हीच होती, आणि ती त्यांनीं आपल्याच मनाशीं जिंकली.

पॅरिसमध्यें ख्रिस्ती सिद्धान्त संघाच्या धर्मगुरूंच्या शेजारीं ते एका नोकरासह राहूं लागले. कांहीं वर्षांनीं मार्गरीत बुर्ज्वा कामानिमित्त फ्रान्सला आली असतां त्यांच्याकडे गेली. रात्र झाली होती. तिनें दार ठोठावलें, तेव्हां ते स्वतः जिना उतरून आले व मोठ्या आनंदानें त्यांनीं दार उघडलें. माँट्रियलहून येणाऱ्या माणसांना उतरावयास जागा असावी म्हणून त्यांनीं कॅनडाच्या पद्धतीची एक लहानशी खोली बांधवून घेतली होती, हें तिनें आपल्या आठवणींत लिहून ठेवलें आहे. ज्या नगरानें त्यांना निरोप दिला, त्या नगराच्या माणसांसाठीं ते दार उघडें ठेवून बसले होते. ९ सप्टेंबर १६७६ रोजीं, वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं, ते प्रभूच्या ठायीं विसावले.

त्याच वर्षींच्या पास्काच्या सणाला, इरोक्वा संघांतील मोहॉक राष्ट्राच्या एका गांवीं, काटेरी तेकाक्विथा नांवाच्या वीस वर्षांच्या मुलीला बाप्तिस्मा मिळाला होता. तिचा बाप मोहॉक नायक होता. देवीच्या सांथींत आईबाप दोघेंही वारलीं होतीं. पुढच्या वर्षीं ती माँट्रियलसमोरच्या तीरावरील मिशनमध्यें येऊन राहिली, आणि १६८० मध्यें तेथेंच वारली. २१ ऑक्टोबर २०१२ रोजीं तिला संत म्हणून घोषित करण्यांत आलें. ज्यांना शिलालेखानें पराभूत शत्रू म्हटलें, त्यांच्याच घरांतून ख्रिस्तसभेला ही संत मिळाली. आणि १७०१ मध्यें त्याच माँट्रियल नगरांत फ्रेंच व सुमारें चाळीस तद्देशीय राष्ट्रें यांनीं एकत्र येऊन मोठा तह केला. पिढ्यान्‌पिढ्यांचें युद्ध तेव्हां थांबलें.

प्लास दार्म चौकांत मेझोनव्ह यांचा भव्य पुतळा १८९५ मध्यें उभारला गेला. त्याच्या चार कोंपऱ्यांवर झान माँस, शार्ल ल मॉयन, पिलोत कुत्रीसह लांबेर क्लोस, आणि एक इरोक्वा, अशा आकृति आहेत. डोंगराच्या माथ्यावर १९२४ मध्यें तीस मीटरहून उंच असा एक दीपांकित क्रूस उभारण्यांत आला. रात्रीं तो दूरवरून दिसतो, आणि १६४३ च्या नवसाची आठवण देतो. शिलालेखाचें काय? विसाव्या शतकाच्या अखेरीस मोहॉक लोकांपैकीं कित्येकांनीं त्यांतील शब्दांस हरकत घेतली. आपल्या पूर्वजाच्या वधाची प्रौढी रस्त्यावर रोज वाचावी लागणें कोणास सोसेल? पुढें २०१७ मध्यें माँट्रियल नगरानें आपल्या ध्वजाच्या मध्यभागीं पांढऱ्या पाइन वृक्षाचें चिन्ह घातलें. तें तद्देशीय लोकांच्या सन्मानाचें चिन्ह आहे.

आतां आपल्या शिलेकडे वळूं. माँट्रियलच्या लोकांनीं मेझोनव्ह यांच्याविषयीं खोटें कोरलें असें नाहीं. नायक मेला हें खरेंच होतें. पण चौसष्ट वर्षांच्या आयुष्यांतून त्यांनीं एका क्षणाचें कृत्य निवडलें, आणि खांद्यावरचा क्रूस, शंभर माणसांसाठीं घातलेली दोन वर्षें, गोठ्यांतील शाळा व पॅरिसमधलें उघडें दार हें सारें त्या दगडाबाहेर राहिलें. आपलीं मंडळी असें करूं नयेत. कोणत्या वाड्यानें कोणत्या वाड्यावर मात केली, जमिनीचा दावा कोणी जिंकला, कोणाची देणगी कोणापेक्षां मोठी होती, हें शिलेवर कोरलें तर पन्नास वर्षांनीं आपलींच नातवंडें तें वाचून खालीं मान घालतील.

कोणीं काय जिंकलें हें न विचारतां कोणीं काय वाहिलें हें विचारावें, असें आमचें मंडळींस सांगणें आहे. ज्यांनीं देवळासाठीं जागा सोडली, ज्या गवंड्यांनीं अर्ध्या मजुरींत भिंती चढविल्या, ज्या माउलींनीं डोक्यावरून वाळू व पाणी वाहिलें, त्यांचीं नांवें सांपडतील तेवढीं कोरावीं. जीं सांपडणार नाहींत त्यांच्यासाठीं एक ओळ कोरी ठेवावी, कारण त्या फ्रेंच विधवेप्रमाणें आपल्याकडेही नांव न सांगण्याच्या अटीवर देणारे होऊन गेले आहेत. आणि सर्वांच्या वर एक साधा क्रूस असावा.

त्या क्रूसाच्या छायेखालीं आपल्या धर्मग्रामांत शांति नांदो, जुनीं वैरें मिटोत, आणि जे आपल्यापूर्वीं ओझें वाहून गेले त्यांच्या आत्म्यांस प्रभु चिरविश्रांति देवो, हीच देवमातेच्या मध्यस्थीनें आमची प्रार्थना.